साक्षीदाराची खुर्ची

मित्राच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली होती, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती उकिडवे आज तालुक्याच्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होते. शिपायानं पिंजऱ्यातली खुर्ची पुढे सरकवली, तसे ते उखडले.

“उचल ती! मला कसलीही खास बडदास्त नकोय.”

“बडदास्त कसली, साहेब?” तरुण न्यायाधीशबाई हसल्या. “या कोर्टात प्रत्येक साक्षीदार बसूनच बोलतो. कुणी सुरू केलं कोण जाणे, पण फार जुनी पद्धत आहे.”

साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवर थबकला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, याच पिंजऱ्यात, दिवस भरत आलेली एक कोळीण कठडा धरून उभी होती. त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि उभ्यानं तिची साक्ष ऐकली. पुढे बदली होईपर्यंत पिंजऱ्यातली खुर्ची त्यांनी हलू दिली नाही. दिल्लीतले त्यांचे गाजलेले निकाल नंतरच्यांनी फिरवले. ही खुर्ची मात्र कुणी हलवली नव्हती.

ते ऐसपैस बसले.

“पूर्वी काय करत होता?” वकिलानं रिवाजाप्रमाणे विचारलं.

“न्यायाधीश होतो,” साहेब खुशीत म्हणाले, “याच कोर्टात.”