मशीन थांबलं की

कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे नाहीत असं ठरवून ती स्वतःच अल्बम काढत होती. सगळी गाणी तिचीच, लहानपणी बाबांच्या शिलाई मशीनच्या तालावर रचलेली. तिचा सूर चुकला की बाबा मशीन थांबवायचे, चपला फरफटत यायचे आणि डोक्यात टपली मारायचे. बाबा गेले, त्याला कैक वर्षं झाली. मशीनही विकलं.

“ताई, मागे शिलाई मशीन वाजतंय,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला. “कुठून येतंय, देव जाणे.”

हेडफोनमध्ये तिलाही ते ऐकू येत होतं.

“वाजू दे,” ती म्हणाली, आणि पुढची ओळ तिने मुद्दाम बेसूर गायली.

मशीन थांबलं. चपला फरफटू लागल्या.

तिने हेडफोन काढून ठेवला.

चपलांचा आवाज तरीही जवळ येत होता. लहानपणच्या सवयीने तिने मान खाली घातली.