घरचा फादर

चर्चमध्ये गुरुदीक्षा घेऊन पास्कू धर्मगुरू झाला, त्या दिवशी आईने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि त्याला नावाने हाक मारणं सोडलं. पोटच्या पोराला ती 'फादर' म्हणू लागली, तेही अहोजाहो करून.

"आई, घरी तरी पास्कू म्हण ना."

"देवाला दिलंय तुम्हाला, फादर. आता परत कशी मागू?"

चौदा वर्षांनी त्याने झगा उतरवला, लग्न केलं. तेव्हापासून आई त्याला काहीच म्हणेना. भिंतीकडे बघत "ताट वाढलंय" एवढंच सांगायची.

आज तिला धाप लागली होती. पापांची कबुली द्यायची होती. चर्चमध्ये निरोप गेला, पण फादर परगावी होते. पास्कू उशाशी गुडघे टेकून बसला. मरणाच्या दारी, पद सोडलेल्या धर्मगुरूलाही पापक्षमा देता येते हे त्याला ठाऊक होतं.

"आई, मला सांग. देवाला चालतं," म्हणत त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला.

तिने तो बाजूला सारला. इतक्या वर्षांनी प्रथमच त्याचं नाव घेतलं.

"पास्कू, तू नको. मी फादरांची वाट बघते."

फादर आले तोवर पास्कूने तिचे डोळे मिटले होते.