आपल्या खोऱ्याची ओळख

वडील गेल्यावर गावात भरलेल्या पहिल्याच अकॉर्डियन स्पर्धेत येरित्साने त्यांचंच वाद्य मांडीवर घेतलं आणि त्यांची आवडती पोल्काची धून वाजवली. एकही सूर चुकला नाही, तरी तिला बक्षीस मिळालं नाही.

परीक्षक बोगोमीर हे वडिलांचे जुने शिष्य. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हात अगदी विन्कोमास्तरांचा आहे गं. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी तू सूर भरलास."

"तिथे सूर आहेच ना, काका."

"पलीकडच्या खोऱ्यात असेल. ती माणसं जेवतानासुद्धा गप्प बसत नाहीत. आपल्याकडे तिथे क्षणभर थांबतात, तीच तर आपली ओळख. मास्तर आयुष्यभर थांबले, आणि त्यांच्याच मुलीने विसरावं?"

मंचावर पहिला आलेला वादक तीच धून पुन्हा वाजवत होता. ती जागा आली, तो थांबला, आणि सगळ्या सभागृहाने भक्तिभावाने डोळे मिटले.

येरित्साने आपल्या वाद्याच्या एका बटणावरून बोट फिरवलं. तीस वर्षं ते बंद पडलेलं होतं. "एवढं दुरुस्त करून घे गं," असं बाबा शेवटच्या आजारातही म्हणाले होते, म्हणून गेल्याच महिन्यात तिने ते लुब्लियानाहून नीट करून आणलं होतं. धुनेतल्या त्या जागी बाबा दर वेळी बटणाला हळूच एक शिवी हासडायचे.

धून फिरून तिथे आली, तेव्हा त्यांच्या वतीने ती शिवी तिने दिली.