कळशीतला फेस

साबणाला आज पहिल्यांदाच फेस आला. अंगणातल्या मोरीपाशी वाकून केस धुणारी लेना एकटीच हसली. गावच्या बायकांसोबत राहून काम करायला ती जर्मनीहून आली होती. तेव्हापासून तिच्या केसांत साबण नुसता चिकटून बसायचा.

"आजी, पाह्य ना! लेनाताईच्या डोक्यावर फेस!" करिष्मा टाळ्या पिटत ओरडली.

तिची आजी, झुंबरबाई, चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी आधी फेस पाहिला. मग लेनाजवळची पितळी कळशी.

"कोनतं पानी घेतलं व माय?"

"माझ्या खोलीतलं. बादलीतलं संपलं."

करिष्माला राहवेना.

"ते प्याचं हाय, ताई. गोडं पानी. आजी पहाटे नदीपलीकडच्या हातपंपावरून डोक्यावर आनते. आपल्या विहिरीचं खारं हाय, त्याले फेसच येत नाही."

लेनाचे हात केसांतच थांबले. "मग तुम्ही कोणतं पिता?"

"खारं. गोडं फक्त आबाले. त्यायची किडनी बिघडली ना, डॉक्टरनं खारं बंद सांगतलं."

"आणि माझ्या खोलीतलं?"

"तेच तर आबाचं. आबा म्हनते, पोरगी दूर देशातून आली, तिले द्या. मी लपून पितो खारं, डॉक्टर काय पाहाले येते?"

"चूप बस व पोरी!" ओसरीवरच्या बाजेवरून आबा, म्हणजे उकंडराव, म्हणाले. त्यांचे पाय सुजले होते. "लई तोंड चालते तुह्यं. अन् लेनाबाई, तुमी धुवा केस. चांगले चमकून राह्यले."

लेनाने कळशी झटकन बाजूला सरकवली. "हे ठेवा. आबांना ठेवा. मला खारं द्या."

झुंबरबाईंनी कळशीत डोकावून पाहिलं. लेनाने साबण लागलेला मगच आत बुडवला होता. पाण्यावर फेसाचे पुंजके तरंगत होते.

"आता हे कोन पिते, बाई? वाक."

"नको, आई..."

"वाक म्हनते ना. डोयात जाईन साबन."

लेना वाकली. झुंबरबाईंनी एका हाताने तिची मान धरली, लेकीची धरावी तशी, आणि कळशी हळूहळू तिच्या डोक्यावर ओतू लागल्या. पाणी मऊ होतं. करिष्मा मोरीतून वाहून चाललेला फेस ओंजळीत धरून फुंकत होती.

"आबा, तुमची गोयी राह्यली," ती मध्येच म्हणाली.

"घेतो, घेतो."

लेनाने डोळे घट्ट मिटले होते. कळशीतलं शेवटचं पाणी संपल्याचं तिला ऐकू आलं. मग ओसरीवर बाज करकरली, गोळीचं पाकीट फाटलं, आणि विहिरीच्या पाण्याच्या रांजणात पेला बुडाला.