मॅडमच्या मार्फत

मॅडमनी खोक्यातून राखाडी जाकीट काढलं, झटकलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. आजपासून प्रत्येक स्वयंसेवकाने दालनात उभं राहताना हे घालायचं, असं त्यांनी सांगितलं.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. मॅडम संचालक म्हणून नव्या होत्या. समोर बसलेली मंडळी मुरलेली. नाण्यांच्या दालनातले डॉक्टर तर कितीतरी संचालकांना निरोप देऊन बसले होते. निवृत्तीनंतर हौसेने, फुकट काम करायला येणाऱ्या या माणसांना अंगात काय घालायचं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा दादांकडे वळल्या. खरं तर दादांच्या स्वेटरकडे. बिनबाह्यांचा, केशरी-पोपटी चौकटींचा, आणि छातीवर हरीण म्हणून विणायला घेतलेला पण वाटेत उंटाकडे झुकलेला एक प्राणी. दादा पूर्वी पोस्टात होते. आता ते कुलपांचं दालन सांभाळत आणि त्यांची बायको शेजारचं मडक्यांचं. तिला सगळे वहिनी म्हणत.

गणवेशाची कल्पना मुळात वहिनींची होती, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. स्वेटर त्यांच्या नणंदेने विणलेला, त्यामुळे घरात त्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. शेवटी वहिनींनी मॅडमना एकटं गाठलं. संग्रहालयाची शान राहील असं काहीतरी करा, म्हणाल्या, आणि सरसकट सगळ्यांनाच करा, म्हणजे एकाला लागणार नाही.

लागलं ते एकालाच. दादा उठून उभे राहिले.

"मी इथे माझ्या मर्जीने येतो," ते म्हणाले. "माझे कपडे चालत नसतील तर मीही नको."

त्यांनी दालनाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उद्यापासून आपण घरीच असू, असं जाहीर केलं.

घरीच. दादांच्या निवृत्तीनंतरचे सुरुवातीचे महिने वहिनी विसरल्या नव्हत्या. दादांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते, त्यामुळे मीठ कुठे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक असायचं. फोन वाजला की कुणाचा, आणि ठेवला की काय म्हणत होती, हे विचारायचं काम ते चोख करत. शेवटी वहिनीच त्यांना हाताला धरून संग्रहालयात घेऊन आल्या होत्या, आणि संशय नको म्हणून स्वतःही राहिल्या होत्या.

त्या लगबगीने मॅडमजवळ गेल्या. एवढं काही ताणायला नको, म्हणाल्या, जुन्या माणसांना सूट द्यावी, नियम काय, नव्यांना लावता येईल.

मॅडम बघतच राहिल्या. "अहो, पण तुम्हीच तर..."

वहिनींना जोरदार खोकला आला. डॉक्टर पाणी घेऊन धावले.

मॅडमही हट्टी होत्या. दादांनी एकदा घालून तर बघावं, नाहीच पटलं तर त्यांच्यापुरता नियम रद्द, असं त्या म्हणाल्या. आपण किती हास्यास्पद दिसू ते सगळ्यांना दाखवावं म्हणून दादांनी जाकीट अंगात चढवलं. स्वेटरवरून त्याची चेन लागेना. मग त्यांनी स्वेटर काढला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांचीच पंचाईत झाली. तेवढ्यात संग्रहालय उघडल्याची घंटा वाजली आणि दालनात राहिलेला आपला चष्मा आणायला म्हणून ते तसेच बाहेर पडले.

ते परत आलेच नाहीत. बऱ्याच वेळाने वहिनींनी मडकी सोडून शेजारी डोकावून पाहिलं.

दादा मोठ्या तिजोरीच्या कुलपापाशी उभे होते आणि त्यांच्याभोवती माणसं होती. एरवी दादा बोलू लागले की लोकांना वाटायचं, हाही आपल्यासारखाच तिकीट काढून आलेला, जरा बोलका आहे एवढंच; मग ते मान डोलावत डोलावत दाराकडे सरकायचे. आज कुणी सरकत नव्हतं. एका बाईने तर चक्क हात वर करून प्रश्न विचारला. दादांनी तो पुन्हा विचारायला लावला. त्यांचे कान चांगले शाबूत होते. वहिनी पाय न वाजवता मागे फिरल्या.

दुपारी दादा मडक्यांच्या दालनात आले. स्वेटरची नीट घडी केलेली होती. घरी गेल्यावर डांबराच्या गोळ्या घालून ठेव, म्हणाले. वहिनींनी तो मुकाट्याने पिशवीत घातला. जाकीट बरं दिसतंय, एवढंच त्या म्हणाल्या.

दादा स्टुलावर टेकले.

"सकाळी मॅडम बोलत होत्या तेव्हा तू तोंडातून शब्द काढला नाहीस," ते म्हणाले. "कपड्यांचा विषय, आणि तू गप्प. तेव्हाच ओळखलं मी."

वहिनी काचेवरची नसलेली धूळ पुसू लागल्या.

"इथून पुढे काही सांगायचं असेल तर सरळ मला सांगत जा. मॅडमच्या मार्फत नको."

वहिनींनी फडकं बाजूला ठेवलं. नवऱ्याला एकदा डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पँटचं आत्ताच बोलून घेऊ."