सकाळी आलेलं गाणं

डेल्फा वीस वर्षं स्वतःच गाणी रचून, स्वतःच अल्बम काढून गाडीच्या डिकीतून विकत आली होती, आणि मी तिच्यामागे बँजो वाजवत फिरत होतो. नवा अल्बम त्या दिवशी सकाळीच बाहेर आला होता. दुपारी केंटकीच्या डोंगरातल्या एका खाणगावात, चर्चच्या तळघरात, आम्ही त्यातली गाणी पहिल्यांदाच लोकांपुढे म्हटली. तिचं सगळ्यात लाडकं गाणं सुरू झालं आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी डोळे मिटून शब्दन् शब्द बरोबरीनं गाऊ लागली. डेल्फाची गिटार थबकली, पण म्हातारी दोन्ही कडवी पुरी करूनच थांबली. “मावशी, सकाळी आलेलं गाणं दुपारी पाठ?” मी हसत विचारलं. “सकाळी कसलं रे! माझ्या बहिणीचं, व्हर्डीचं गाणं आहे ते. लेकीला निजवताना म्हणायची.” “हे मी रचलंय,” डेल्फा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. “कुठली लेक?” “नवरा खाणीत मेला, घरात खायला दाणा नव्हता. तीन वर्षांची पोर दत्तक दिली तिनं.” डेल्फा दत्तक आहे, हे तिथे आम्हा दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं गिटार उतरवली आणि ती स्टेजच्या कडेला बसली. म्हातारी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग उठून जवळ आली आणि तिचा हात धरून म्हणाली, “याला तिसरंही कडवं आहे, पोरी. तू गेल्यावर रचलं तिनं.”