बोटाचा रामराम

कॉर्क शहराबाहेरच्या रस्त्यांवर ओळख असो-नसो, समोरच्याला स्टीअरिंगवरचं बोट उचलून रामराम करायचाच.

शेतातला ट्रॅक्टर उतारावरून घसरला आणि शेतकरी डेक्लन त्याच्या नि दगडी कुंपणाच्या मध्ये चेपला गेला. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, गडी कुंपणाला टेकून निवांत उभा आहे. छाती दबलेली, आवाज फुटेना, म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता हात हलवत राहिला. पोस्टमननं बोट उचललं. शेजारच्या नोरीननं हॉर्नही दिला. मग शहरातून पर्यटकांना घेऊन बस आली आणि चक्क हळू झाली. डेक्लननं उरलंसुरलं बळ एकवटून दोन्ही हात वर केले.

अख्ख्या बसनं हात हलवले.

उघड्या खिडकीतून ड्रायव्हरचा आवाज आला, “शहरातली माणसं प्रेमळ म्हणत होता ना तुम्ही? आमच्या गावाकडं बघा, दोन्ही हातांनी रामराम करतात.”